प्रतिनियुक्ती

दिवाडीच्या फेरीवर स्कूटरच्या हँडलला
माझी कापडी पिशवी लटकते:
फॉर्म सहा, फॉर्म सात, मतदारयादीचा भाग सतरा,
आणि चौथीच्या वह्या, कारण शाळा कुणी माफ केलेली नाही.

त्या घराला कुलूप आहे.
गंजून कडी आणि कुलूप एकच झालंय.
ओसरीवर वटवाघळांची घाण,
क्रुसापुढे मेणाचा जुना थर.
शेजारीण म्हणाली, लिस्बनला जाऊन बारा वर्षं झाली त्यांना.
आणि माझ्या पिशवीत एकोणीस नवे अर्ज
त्याच घर-क्रमांकाचे, एकाच हस्ताक्षरातले.
अक्षर मी ओळखते, माझा धंदाच तो.
एकोणीस वेळा 'र'ला तोच मुरका.
मी शेरा लिहिला: जागेवर आढळले नाहीत.
एकोणीस वेळा लिहिला,
मुलांना चुकलेला शब्द लिहायला लावते तसा.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.
ओरडला नाही. हात उगारला नाही.
इस्त्रीचा शर्ट, हातात पोदेराकडच्या उंड्यांची पिशवी,
गरम वास माझ्यापर्यंत येत होता.
पाण्याकडे बघत म्हणाला,
"बाय, सदांच हीच फेरी घेता गे तूं?"
मग, बऱ्याच वेळानं,
"हांगा उदक खोल आसा, न्ही?"
धक्का आला. त्यानं मला आधी उतरू दिलं.

ज्या भाषेत आईनं मला न्हाऊ घातलं
त्याच भाषेत. तितक्याच हळू.

रात्री कायदा काढला. इंग्रजीत होता.
मी गावच्या मराठी शाळेतली,
समजायचं ते मला मराठीतूनच समजतं,
म्हणून वहीच्या मागच्या पानावर उतरवत गेले:
कलम दोनशे चोवीस.
लोकसेवकास इजा पोचवण्याची धमकी.
दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही.
आणि दुसऱ्या एका कायद्यात:
या कामापुरती मी आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर
असल्याचे मानले जाईल.
मानले जाईल.
केवढा लांबरुंद शब्द, प्रतिनियुक्ती.
चादरीसारखा अंगावर ओढून पाहिला.
पाय बाहेर राहिले.

ठाण्यातला हवालदार वाईट नव्हता. खुर्ची दिली.
"नेमकं काय म्हणाला?"
सांगितलं.
"म्हणजे फेरीचं विचारलं. आणि पाणी खोल आहे म्हणाला.
ते तर आहेच, बाई."
पेन कागदाच्या वर तसंच राहिलं.
इजा त्या दोन वाक्यांच्या मधे होती, साहेब,
तो थांबला तिथे,
जिथे नुसतं इंजिन ऐकू येत होतं.
हे मी बोलले नाही. मनातच राहिलं.
"कुणी साक्षीदार?"

इनास फेरीचा दोर बांधतो, बावीस वर्षं.
माझ्याशी कधी बोललेला नाही,
फक्त हातानं: पुढे घे, मागे घे, बस.
त्या सकाळी माझ्या चाकाखाली
लाकडाचा ठोकळा सरकवताना
मान वर न करता म्हणाला,
"हांवें आयकलां."

पाळी संपवून तसाच ठाण्यात आला, ओल्या चपलांनी.
हवालदारानं जबाब वाचून दाखवला.
इनासनं दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली:
एक, उंडे नव्हते, पोळे होते.
दोन, पाण्याबद्दल बोलताना त्यानं पाण्याकडे नाही,
बाईच्या स्कूटरकडे पाहिलं.
ते मी पाहिलंच नव्हतं.

सही रोमी लिपीत, सावकाश, पाच अक्षरं.
शेजारी ग्रीसचा काळा अंगठा,
कुणी मागितला नसताना.

पुढे काय होईल, ठाऊक नाही.
तारीख पडेल, मग पुढची पडेल.
तो अजून याच फेरीनं येतो.
मीही येते.
भाग सतरा, अजून एकतीस घरं राहिलीत.